‘हॅव’ या क्रियापदाचा योग्य वापर : मराठीतून इंग्रजीकडे येणाऱ्यांसाठी

डिचोली, पेडणे, सत्तरी किंवा फोंडा तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेलेल्या आणि पुढे हॉटेलच्या स्वागतकक्षात, औषधांच्या दुकानात, वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा मोपाच्या विमानतळावर कामाला लागलेल्या माणसाला इंग्रजी नामे सहसा कमी पडत नाहीत. त्याचे अडते ते क्रियापदांपाशी, आणि माझ्या मते त्यातही ‘हॅव’पाशी सर्वांत जास्त. हे क्रियापद शाळेत ‘जवळ असणे’ या एका अर्थाने शिकवले जाते, पण प्रत्यक्ष बोलण्यात ते मालकी सांगते, आजार सांगते, जेवण सांगते, सक्ती सांगते, काम पूर्ण झाल्याचे सांगते आणि दुसऱ्याकडून काम करून घेतल्याचेही सांगते. हे सगळे अर्थ एका दमात पाठ करण्यापेक्षा क्रमाने घेतले तर ते पक्के बसतात. पुढील क्रम त्याच हेतूने लावला आहे.

पहिली पायरी : वाक्यातील माणूस शोधा

‘हॅव’ला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही, आणि आपल्या अडचणीचे मूळ नेमके तिथे आहे. मराठीत आपण ‘मला तीन भाऊ आहेत’ म्हणतो, ‘माझ्याकडे स्कूटर आहे’ म्हणतो, ‘आमच्या घराला सहा खिडक्या आहेत’ म्हणतो, ‘त्याचे म्हापशात दुकान आहे’ म्हणतो आणि ‘तिचा आवाज गोड आहे’ म्हणतो. नाते असेल तर ‘मला’, हलवता येणारी वस्तू असेल तर ‘माझ्याकडे’, वस्तूचा भाग असेल तर ‘घराला’, स्थावर मालमत्ता असेल तर ‘त्याचे’, असा सूक्ष्म भेद मराठी करते. कोकणीतही ‘म्हाका तीन भाव आसात’ अशीच रचना आहे, त्यामुळे गोव्यात घरी कोकणी आणि शाळेत मराठी शिकलेल्यांना दोन्हीकडून एकच सवय लागलेली असते.

इंग्रजी हा भेद करत नाही. ती ज्याचे आहे त्याला वाक्याच्या आरंभी कर्ता म्हणून बसवते आणि पुढे ‘हॅव’ लावते : ‘आय हॅव थ्री ब्रदर्स’, ‘आय हॅव अ स्कूटर’, ‘अवर हाउस हॅज सिक्स विंडोज’, ‘ही हॅज अ शॉप इन म्हापसा’, ‘शी हॅज अ स्वीट व्हॉइस’. म्हणून मराठी वाक्य मनात आले की प्रथम त्यातील ‘मला’, ‘तिच्याकडे’, ‘घराला’ हा शब्द शोधावा, त्याचा प्रत्यय काढून टाकावा आणि उरलेला माणूस किंवा वस्तू वाक्याच्या तोंडाशी ठेवावी.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. मराठीत ‘मला तीन भाऊ आहेत’ या वाक्यात ‘आहेत’ हे अनेकवचन भावांमुळे आले आहे. इंग्रजीत क्रियापद भावांकडे पाहतच नाही, ते फक्त मालकाकडे पाहते. त्यामुळे ‘माझ्या बहिणीला तीन मुलगे आहेत’ याचे इंग्रजी ‘माय सिस्टर हॅज थ्री सन्स’ असे होते. बहीण एक आहे, म्हणून ‘हॅज’. ‘माय सिस्टर हॅव थ्री सन्स’ ही चूक करणाऱ्याला व्याकरण येत नाही असे नव्हे. तो मराठीच्या नियमाने इंग्रजी क्रियापद मुलग्यांशी जुळवत असतो. हे कारण एकदा लक्षात आले की ही चूक पुढे आपोआप कमी होते, असा शिकवणाऱ्यांचा अनुभव आहे.

रूपे मोजकीच आहेत. ‘आय’, ‘यू’, ‘वुई’, ‘दे’ आणि कोणतेही अनेकवचन यांना ‘हॅव’ लागते. ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आणि कोणतेही एकवचन यांना ‘हॅज’ लागते. भूतकाळात सर्वांना ‘हॅड’ लागते.

नकार आणि प्रश्न

मालकीचा अर्थ असताना प्रश्न आणि नकार ‘डू’च्या मदतीने होतात. ‘डू यू हॅव चेंज?’ म्हणजे सुटे पैसे आहेत का, आणि ‘आय डोन्ट हॅव चेंज’ म्हणजे नाहीत. तृतीय पुरुषी एकवचनात ‘डज’ येते, आणि ‘डज’ आले की ‘हॅज’ पुन्हा ‘हॅव’ होते. ‘डज द रूम हॅव अ बाल्कनी?’ हे बरोबर आहे, तर ‘डज द रूम हॅज’ हे चूक आहे, कारण एकवचनाची खूण ‘डज’ने आधीच घेतलेली असते. भूतकाळातही तसेच : ‘दे डिडन्ट हॅव अ बुकिंग’.

ब्रिटिश पर्यटक बरेचदा ‘हॅव यू गॉट अ रूम?’ असे विचारतात. त्याचा अर्थ ‘डू यू हॅव अ रूम?’ हाच आहे. पहिल्या प्रश्नाला ‘येस, वुई हॅव’ आणि दुसऱ्याला ‘येस, वुई डू’ असे उत्तर शोभते. ऐकताना दोन्ही ओळखावेत, बोलताना आरंभी दुसरा पुरेसा आहे.

‘हॅविंग’ कुठे चालते

‘आय अ‍ॅम हॅविंग थ्री ब्रदर्स’ हे वाक्य भारतभर ऐकू येते आणि ते चूक आहे. ते ओळखण्याची कसोटी मराठीतच आहे. ‘मी जेवत आहे’ असे आपण म्हणतो, पण ‘मला तीन भाऊ असत आहेत’ असे कोणीही म्हणत नाही. ज्या मराठी वाक्यात ‘त आहे’ हे रूप सहज बसते, तिथे ‘हॅविंग’ चालते. जिथे नुसते ‘आहे’ येते, तिथे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’च वापरावे. ‘आम्ही जेवत आहोत’ याला ‘वुई आर हॅविंग लंच’ हे शुद्ध इंग्रजी आहे, तर ‘माझ्याकडे गाडी आहे’ याला ‘आय हॅव अ कार’ एवढेच. ‘आम्हाला अडचण येत आहे’ यात ‘त आहे’ बसते, म्हणून ‘वुई आर हॅविंग सम ट्रबल’ हेही चालते. हीच कसोटी नोकरीच्या अर्जातील ‘आय अ‍ॅम हॅविंग फाइव्ह इयर्स एक्स्पीरिअन्स’ या वाक्याला लावून पाहावी. अनुभव ‘आहे’, तो ‘असत’ नाही, म्हणून ‘आय हॅव फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरिअन्स’ असे लिहावे.

भूक, थंडी आणि वय : इथे ‘हॅव’ नको

‘मला’ दिसला की सरसकट ‘आय हॅव’ करावे, असेही नाही. मराठीत ‘मला ताप आहे’ आणि ‘मला भूक लागली आहे’ ही वाक्ये सारखी वाटतात, पण इंग्रजी ताप, सर्दी, खोकला, डोकेदुखी यांच्यासाठी ‘हॅव’ वापरते आणि भूक, तहान, थंडी, उकाडा, भीती यांच्यासाठी ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’ वापरते. ‘आय हॅव अ फीव्हर’ पण ‘आय अ‍ॅम हंग्री’. यातली एक जोडी औषधांच्या दुकानात काम करणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावी : ‘आय अ‍ॅम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजते आहे, आणि ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली आहे. वयही याच गटात येते : ‘शी इज ट्वेंटी इयर्स ओल्ड’.

1961 पूर्वी पोर्तुगीजमधून शिकलेल्या गोव्यातील पिढीला ही अडचण वेगळ्या दिशेने येत असे. पोर्तुगीजमधील ‘तेर’ या क्रियापदाचा अर्थ ‘हॅव’सारखाच आहे, पण त्या भाषेत भूक, तहान, थंडी आणि वयसुद्धा ‘तेर’नेच सांगतात. म्हणजे ‘जवळ असणे’ या कल्पनेची मर्यादा प्रत्येक भाषेने आपापल्या परीने आखली आहे, आणि ती तर्काने काढता येत नाही. तिथे सवयच उपयोगी पडते.

‘मला एक शंका आहे’ याचे ‘आय हॅव अ डाउट’ हे रूप भारतात सर्वत्र चालते. परदेशी माणसाला मात्र त्यातून आपल्या म्हणण्यावर अविश्वास दाखवला जात आहे, असे वाटू शकते. विचारायचे असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे.

जेवण, विश्रांती आणि गप्पा

‘हॅव ब्रेकफास्ट’, ‘हॅव लंच’, ‘हॅव टी’, ‘हॅव अ रेस्ट’, ‘हॅव अ लुक’, ‘हॅव अ चॅट’ या जोड्यांत ‘हॅव’ला स्वतःचा अर्थ जवळपास उरत नाही. तो पुढच्या नामात असतो, आणि म्हणून या जोड्या तुकडा म्हणूनच शिकाव्यात. जेवणांच्या नावांपूर्वी ‘अ’ येत नाही, पण विशेषण आले की येतो : ‘वुई हॅड लंच’, परंतु ‘वुई हॅड अ गुड लंच’. उपाहारगृहात ‘व्हॉट वुड यू लाइक टू हॅव?’ हा प्रश्न ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ पेक्षा पुष्कळ सभ्य आहे, आणि गिऱ्हाईकही ‘आय विल हॅव द फिश थाळी’ असेच सांगेल.

‘हॅव टू’ : लागणे

इथे पुन्हा पहिल्या पायरीतला नियम उपयोगी पडतो. ‘मला जावे लागते’ या वाक्यातील ‘मला’ बदलून ‘आय’ करावा आणि ‘लागते’च्या जागी ‘हॅव टू’ ठेवावे : ‘आय हॅव टू गो’. ‘तिला लवकर उठावे लागते’ म्हणजे ‘शी हॅज टू गेट अप अर्ली’. ‘मला फेरीबोटीसाठी थांबावे लागले’ म्हणजे ‘आय हॅड टू वेट फॉर द फेरी’. ‘थांबावे लागेल’ म्हणजे ‘आय विल हॅव टू वेट’. मराठीतील ‘लागणे’ आणि इंग्रजीतील ‘हॅव टू’ यांची जोडी इतकी चोख जुळते की हा भाग मराठी विद्यार्थ्याला सर्वांत सोपा जावा. उच्चाराची मात्र नोंद घ्यावी : इथे ‘हॅव टू’ हे बोलताना ‘हॅफ टू’ असे ऐकू येते आणि ‘हॅज टू’ हे ‘हॅस टू’ असे. ते न कळल्यामुळे वेगळाच शब्द कानावर पडला असे वाटते.

नकार मात्र सोपा नाही, आणि गोव्यात त्याची चूक महागात पडू शकते. ‘यू डोन्ट हॅव टू’ म्हणजे ‘गरज नाही, पण हवे तर करा’. ‘यू मस्ट नॉट’ म्हणजे ‘करू नका’. पावसाळ्यात किनाऱ्यावर लाल निशाण लावलेले असताना हॉटेलच्या कर्मचाऱ्याने पाहुण्याला ‘यू डोन्ट हॅव टू स्विम हिअर’ असे सांगितले, तर पाहुण्याला इथे पोहणे ऐच्छिक आहे असे कळते. तिथे ‘यू मस्ट नॉट स्विम हिअर, इट इज डेंजरस’ हेच सांगायला हवे. याउलट न्याहारी खोलीच्या भाड्यातच धरलेली असेल, तर ‘यू डोन्ट हॅव टू पे फॉर ब्रेकफास्ट’ हे योग्य. मराठीत ‘लागत नाही’ आणि ‘करायचे नाही’ हा फरक आपण कधी चुकत नाही. तोच फरक इंग्रजीत नेताना मनातील मराठी वाक्य कोणते आहे, ते आधी स्पष्ट करावे.

‘हॅव’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप

‘मी पत्र लिहिले आहे’ याला ‘आय हॅव रिटन द लेटर’ असे म्हणतात. मराठीत इथे ‘आहे’ असल्यामुळे नवशिका ‘आय अ‍ॅम रिटन’ असे म्हणू पाहतो. इथे ‘हॅव’ का आले, हे समजून घेण्यासारखे आहे. ‘हॅव’ हा इंग्रजीचा जुना जर्मानिक शब्द आहे. त्याचे मूळ ‘पकडणे, धरणे’ या अर्थाच्या धातूपर्यंत जाते, आणि लॅटिनमधील ‘पकडणे’ या अर्थाचे ‘कापेरे’ हे क्रियापद त्याच मुळातले मानले जाते. पोर्तुगीज ‘आव्हेर’ दिसायला जवळचे असले तरी ते निराळ्या मुळातून आलेले आहे. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याकडे पत्र लिहिलेल्या स्थितीत आहे’ अशा अर्थाची रचना होती. कालांतराने त्यातील मालकीचा भाग विरला आणि ‘मी लिहिले आहे’ एवढाच अर्थ उरला. मालकीचे ‘हॅव’ आणि पूर्णतेचे ‘हॅव’ ही मुळात एकच गोष्ट आहे.

म्हणून इथेही क्रियापद कर्त्याकडेच पाहते. मराठीत ‘तिने पत्रे लिहिली आहेत’ यातील ‘आहेत’ पत्रांशी जुळते, तर इंग्रजीत ‘शी हॅज रिटन द लेटर्स’ यातील ‘हॅज’ तिच्याशी जुळते. मालकीच्या वाक्यात जी दक्षता घेतली, तीच इथे घ्यावी.

या रचनेचा अर्थ आजच्या क्षणाशी बांधलेला असतो. ‘युअर गेस्ट हॅज अराइव्ह्ड’ म्हणजे पाहुणा आला आहे आणि आता इथे आहे. पण वाक्यात काल, सकाळी, 2019 मध्ये असा गेलेला काळ आला की ‘हॅज’ गळून पडते : ‘युअर गेस्ट अराइव्ह्ड यस्टर्डे’. ‘हॅज अराइव्ह्ड यस्टर्डे’ हे कधीही लिहू नये.

दुसरी खाच ‘पासून’ या शब्दाची आहे. ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतो’ हे मराठीत वर्तमानकाळी वाक्य आहे, आणि त्यामुळे ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे भाषांतर होते. इंग्रजीला, पूर्वी सुरू होऊन आजपर्यंत चाललेल्या कामासाठी, ‘हॅव’ लागते : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. कालावधी सांगताना ‘फॉर’ आणि आरंभबिंदू सांगताना ‘सिन्स’ : ‘फॉर फाइव्ह इयर्स’, पण ‘सिन्स 2019’. मुलाखतीत हे वाक्य हमखास बोलावे लागते, म्हणून ते आपल्या वर्षांसह आधीच तयार ठेवावे.

‘तो मडगावला गेला आहे’ आणि ‘तो मडगावला जाऊन आला आहे’ हा भेद इंग्रजीतही आहे : पहिल्याला ‘ही हॅज गॉन टू मडगाव’, दुसऱ्याला ‘ही हॅज बीन टू मडगाव’. कार्यालयात फोनवर वरिष्ठांविषयी सांगताना यातले चुकीचे वाक्य निवडले, तर समोरचा माणूस विनाकारण वाट पाहत राहतो.

‘हॅड’चा अतिवापर

मराठी माणसाच्या इंग्रजीत ‘हॅड’ गरजेपेक्षा फार येतो, आणि त्याचे कारण आपले ‘गेलो होतो’ हे रूप आहे. ‘मी काल पणजीला गेलो होतो’ हे मराठीत अगदी स्वाभाविक आहे, पण ‘आय हॅड गॉन टू पणजी यस्टर्डे’ हे इंग्रजी ऐकणाऱ्याला अर्धवट वाटते, आणि तो पुढे काय घडले याची वाट पाहतो. तिथे ‘आय वेंट टू पणजी यस्टर्डे’ पुरे. भूतकाळातील दोन घटना समोर असतील आणि त्यांतली एक दुसरीच्या आधी घडली हे दाखवायचे असेल, तेव्हाच ‘हॅड’ आणावा : ‘मी स्टँडवर पोहोचलो तेव्हा बस सुटली होती’ म्हणजे ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट’. लिहिलेला मजकूर तपासताना प्रत्येक ‘हॅड’पाशी थांबून दुसरी घटना कोणती, असे विचारावे. ती सापडली नाही आणि पुढे तिसरे रूप असेल, तर ‘हॅड’ काढून साधा भूतकाळ लिहावा. मालकीचा ‘हॅड’ आणि ‘हॅड टू’ यांना ही कसोटी लागू नाही.

करून घेणे

‘मी स्कूटर दुरुस्त करून घेतली’ याला ‘आय हॅड द स्कूटर रिपेअर्ड’ असे म्हणतात. ‘मी स्कूटर दुरुस्त केली होती’ याला ‘आय हॅड रिपेअर्ड द स्कूटर’ असे म्हणतात. शब्द तेच आहेत, फक्त वस्तूची जागा बदलली आहे, आणि काम कोणी केले तेच उलटले आहे. ‘केस कापून घेतले’ याला ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणावे. ‘आय कट माय हेअर’ म्हटले तर आपणच कात्री घेतली असा अर्थ होतो. माणसाचा उल्लेख करायचा असेल तर त्याच्यापुढे मूळ क्रियापद येते : ‘आय हॅड द मेकॅनिक चेक द ब्रेक्स’.

‘हॅड बेटर’ हा स्वतंत्र वाक्प्रचार आहे. रूप भूतकाळाचे असले तरी अर्थ पुढच्या काळाचा असतो, आणि त्यानंतर ‘टू’ येत नाही : ‘यू हॅड बेटर टेक अ‍ॅन अम्ब्रेला’, म्हणजे छत्री घेतलेली बरी.

सराव

सरावासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. रोजच्या मराठी वर्तमानपत्रातील एखादी लहान बातमी घ्यावी, तिच्यातील ‘आहे’, ‘होते’, ‘लागले’, ‘करून घेतले’ या रूपांखाली रेघ मारावी आणि प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘हॅव’ येईल की नाही, येईल तर कोणत्या रूपात, हे ठरवावे. पूर्ण भाषांतर करण्याची आवश्यकता नाही. सुरुवातीला पुढील उतारा स्वतः करून पाहावा :

‘माझ्या मावशीला तीन मुली आहेत. त्या पंधरा वर्षांपासून म्हापशाला राहतात. सर्वांत धाकटीला काल ताप होता, त्यामुळे तिला घरी राहावे लागले. मावशीने डॉक्टरांना बोलावून तिला तपासून घेतले. आता तिला बरे वाटते आहे आणि ती जेवली आहे. उद्या तिला शाळेत जाण्याची गरज नाही.’

त्याचे एक रूप असे होईल : ‘माय आन्ट हॅज थ्री डॉटर्स. दे हॅव लिव्ह्ड इन म्हापसा फॉर फिफ्टीन इयर्स. द यंगेस्ट हॅड अ फीव्हर यस्टर्डे, सो शी हॅड टू स्टे अ‍ॅट होम. माय आन्ट कॉल्ड अ डॉक्टर अँड हॅड हर एक्झामिन्ड. शी इज फीलिंग बेटर नाऊ अँड हॅज हॅड हर लंच. शी डझन्ट हॅव टू गो टू स्कूल टुमॉरो.’

‘हॅज हॅड’ पाहून बिचकू नये. पहिला ‘हॅज’ पूर्णता दाखवतो आणि दुसरा ‘हॅड’ हा ‘जेवणे’ या अर्थाच्या ‘हॅव’चे तिसरे रूप आहे. उताऱ्यातील ‘मावशीला’, ‘धाकटीला’ आणि ‘तिला’ या शब्दांचे काय झाले, हे पुन्हा एकदा ओळीने तपासावे, आणि मग हाच उतारा तीन मुलींऐवजी एक मुलगी व मावशीऐवजी मामा-मामी धरून पुन्हा लिहावा, म्हणजे ‘हॅव’ आणि ‘हॅज’ कुठे बदलतात ते हाताला कळेल.